इनपुट डेटा (युनिट टेस्टमधील)

सॉफ्टवेअरमधील फंक्शन किंवा क्लास यांसारखा लहान भाग उर्वरित प्रणालीपासून सुटा करून आपोआप तपासणाऱ्या चाचणीस युनिट टेस्ट आणि त्या भागाला चाचणीत पुरवलेल्या मूल्यांस तिचा इनपुट डेटा म्हणतात. प्रत्येक इनपुटासोबत अपेक्षित उत्तरही नोंदवावे लागते. मात्र ते तपासायच्या कोडकडूनच काढून घेतल्यास त्यातील चूकही बरोबर ठरते, म्हणून ते मूळ आवश्यकतांवरून स्वतंत्रपणे ठरवणे अनिवार्य आहे.

सर्व शक्य मूल्ये तपासणे बहुधा अशक्य असल्याने, कोडने ज्यांना सारखेच वागवावे अशा मूल्यांचे समतुल्य गट पाडून प्रत्येकातून एक प्रतिनिधी घेतात, आणि चुका गटांच्या सीमांवर विशेष आढळत असल्याने सीमेलगतची मूल्येही घेतात. ग्लेनफर्ड मायर्स यांनी ‘द आर्ट ऑफ सॉफ्टवेअर टेस्टिंग’ (१९७९) या ग्रंथात त्यासाठी बाजूंवरून त्रिकोणाचा प्रकार ओळखणाऱ्या प्रोग्रॅमचे उदाहरण घेतले असून, त्यात १, २, ३ यांसारख्या, त्रिकोणच न बनणाऱ्या बाजूही तपासाव्या लागतात.

लीप वर्ष ओळखणारे फंक्शन केवळ चारने भाग जातो का एवढेच पाहत असेल, तर २०२३, २०२४ आणि २००० या तिन्ही इनपुटांवर ते निर्दोष भासते. शतकवर्षाला ४०० ने भाग जावा लागत असल्याने त्याचे पितळ १९०० या इनपुटाने उघडे पडते. उलट, शतकवर्षे सरसकट वगळणारे फंक्शन १९०० वर तरते आणि २००० वर फसते. डझनभर साधी वर्षे वाढवूनही जे साधत नाही, ते ही दोन वर्षे साधतात. मजकुराबाबतही अशीच दक्षता हवी: ‘क्षमा’ हा वाचकाला दोन अक्षरी वाटणारा शब्द युनिकोडमध्ये पाच संकेतांकांचा आणि यूटीएफ-८ मध्ये १५ बाइटांचा असतो, त्यामुळे मजकूर ठरावीक लांबीवर तोडणाऱ्या फंक्शनला केवळ रोमन नावे पुरवल्यास जोडाक्षर मधोमध तुटण्याचा दोष कधीच दिसत नाही.

जेयुनिट ५, पायटेस्ट यांसारख्या साधनांत अशी इनपुटे व उत्तरे तक्त्याप्रमाणे मांडून एकच चाचणी प्रत्येक ओळीसाठी स्वतंत्रपणे चालवता येते. कून क्लासेन व जॉन ह्यूज यांच्या क्विकचेकने (२०००) वेगळी वाट घेतली: यादी दोनदा उलटवल्यास मूळ यादी मिळावी, यासारखा गुणधर्म प्रोग्रॅमर सांगतो आणि इनपुटे यादृच्छिकपणे निर्माण होतात. या पद्धतीत अपयशी ठरलेले इनपुट नोंदवून कायमच्या चाचण्यांत घालावे, अन्यथा पुढच्या खेपेस तेच इनपुट पुन्हा निर्माण होईलच असे नाही.