तांबडा-पांढरा रस्सा
कोल्हापुरी थाळीतील बोकडाच्या मटणाच्या रश्श्यांची जोडी. दोन्हींचा पाया एकच: मटण शिजवून निघालेले पाणी, म्हणजे अळणी. तांबड्यात भाजलेले सुके खोबरे, तीळ, खसखस यांचे वाटण व कांदा-लसूण चटणी पडते. वर तर्री, म्हणजे तेलाचा तवंग, हवीच. पांढऱ्यात लाल तिखट नसते. नारळाचे दूध, काजू, मिरी, लवंग, दालचिनी यांनी तो सौम्य पण ऊबदार होतो. दूध घातल्यावर खळखळून उकळला तर फाटतो. हा रस्सा वाटीने पितात.

बोकडाच्या १०० ग्रॅम कच्च्या, चरबी काढलेल्या मांसात सुमारे २० ग्रॅम प्रथिने, २ ते ३ ग्रॅम स्निग्धांश. शिवाय लोह, जस्त, ब१२ जीवनसत्त्व. मटणाला जड म्हणतात खरे, पण तो जडपणा बराचसा खोबऱ्याचा आणि तर्रीतल्या तेलाचा.