अर्थिंग

अर्थिंग : विजेच्या उपकरणाचा धातूचा भाग तारेने जमिनीशी जोडण्याची व्यवस्था. घरातल्या वायरिंगमध्ये फेज वीज आणते, न्यूट्रल ती परत नेते. हिरव्या अर्थ वायरमधून एरवी काहीच वाहत नाही. ती नसली तरी दिवा लागतो, पंखा फिरतो. त्यामुळे खर्चाला कात्री लावताना पहिला बळी तिचाच जातो, आणि हे जिवावर बेतू शकते.

निलंग्याच्या (जि. लातूर) उन्हाळ्यात पत्र्याच्या कूलरशिवाय भागत नाही. आत पंपाच्या वायरचे आवरण झिजून फेज पत्र्याला टेकली, की अख्ख्या कूलरमध्ये २३० व्होल्ट उतरतात. खाली सांडलेले पाणी, पाणी भरणारा अनवाणी. प्लगच्या जाड पिनेमागे अर्थिंग चांगले असेल, तर मोठा प्रवाह जमिनीकडे जातो आणि एमसीबी (जादा प्रवाह होताच वीज तोडणारा स्विच) पडते.

ती पडायला प्रवाह मोठाच हवा. इथली काळी माती पावसाळ्यात ओल धरते, उन्हाळ्यात भेगाळते. खाली मुरूम आणि काळा पाषाण. माती सुकली की अर्थ वायर जिथे पुरलेल्या पाइपला जोडतात, त्या खड्ड्याचा रोध वाढतो. तो ५० ओहमवर गेला तर जेमतेम साडेचार अँपिअर वाहतात, १६ अँपिअरची एमसीबी ढिम्म हलत नाही आणि पत्र्यातला करंट तसाच राहतो. कूलरच्या दिवसांतच अर्थिंग कमजोर पडते. म्हणून पाइपभोवती कोळसा-मिठाचे थर भरतात, वरून पाणी घालत राहतात. ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी मात्र बसवावीच: गेलेला आणि परतलेला प्रवाह यांत तेवढा फरक पडला तरी ती वीज तोडते.

माळवदाच्या जुन्या घरांत लाकडी पट्टीवरची वायर उघडी दिसे. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर दगडमातीच्या भिंतींची धास्ती बसली, सिमेंटची घरे वाढली. वायर भिंतीतल्या पाइपात गेली, की अर्थ ओढली आहे का हे कळत नाही.

काही जण सॉकेटमध्ये अर्थच्या जागी न्यूट्रलचाच तुकडा जोडतात. हे घातक आहे. मागे कुठे न्यूट्रल तुटली, तर चालू दिव्यातून फिरून फेज कूलरच्या पत्र्यावर येते. अशा जोडणीतही फेज आणि अर्थमध्ये धरलेला टेस्ट लॅम्प लख्ख लागतो. त्यामुळे मेन बंद करून वायरमनकडून सॉकेट उघडून घ्यावे आणि हिरवी वायर थेट खड्ड्यापर्यंत सलग आहे का, हे तपासून घ्यावे.