इंग्रजी नामवाक्याची कुळकथा

वाक्यपृथक्करण करतांना 'दॅट' दिसतांच पुष्कळ विद्यार्थी 'नामवाक्य' असें लिहून मोकळे होतात. ही खूण फसवी आहे. 'दॅट' हें मूळचें दर्शक सर्वनाम. 'मला तें ठाऊक आहे : तो आला' अशा जोडीतील 'तें' पुढें उभयान्वयी झालें, असें भाषाशास्त्रज्ञ सामान्यतः मानतात. मराठींत 'तो आला हें मला ठाऊक आहे' यांतील 'हें' आजहि सर्वनामच आहे.

उपवाक्यांची नाम, विशेषण व क्रियाविशेषण अशी विभागणी जर्मन वैयाकरण बेकर यांनीं केली. त्यांच्या धर्तीवर मोरेल यांनीं १८५२ सालीं इंग्रजी वाक्यांचें पृथक्करण मांडलें. येथें नांव पडतें तें कार्यावरून. 'आय नो दॅट ही केम' यांत उपवाक्याच्या जागीं 'इट' बसतें. 'द बुक दॅट ही रोट' यांत बसत नाहीं. पहिलें नामवाक्य, दुसरें विशेषणवाक्य. शब्द तोच, कामगिरी निराळी.