गाडीची तहान

बाबांच्या उजव्या हातावर मनगटापासून कोपरापर्यंत एक फिकट, गुळगुळीत पट्टा आहे. तिथे केस उगवत नाहीत. १९९५च्या मे महिन्यात, माझ्या जन्माच्या आधी, ते सेकंडहँड प्रीमियर पद्मिनी घेऊन डोंबिवलीहून पुण्याला निघाले होते. तेव्हा एक्स्प्रेसवे नव्हता. खोपोली सोडून बोरघाट चढायला लागले आणि पुढे कुठेतरी ट्रक बंद पडला. तासभर रांगेत रखडल्यावर बॉनेटमधून वाफ यायला लागली. शिंगरोबाच्या देवळाच्या थोडं पुढे त्यांनी गाडी कडेला घेतली, बॉनेट उघडलं, खांद्यावरचा नॅपकिन रेडिएटरच्या झाकणावर टाकला आणि झाकण फिरवलं.

"पाणी संपलं असेल म्हणून बघायला गेलो," एवढंच ते सांगतात.

यंदा घरच्या गाडीचा कूलंट स्वतः बदलायचं मी ठरवलं आणि आईने लगेच त्या पट्ट्याकडे बोट दाखवलं. मग नेमकं काय झालं असेल हे शोधता शोधता मी पार १८८८ सालात पोचलो.

त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये बेर्टा बेन्झ नवऱ्याला न सांगता, दोन मुलांना सोबत घेऊन, त्याने बनवलेल्या तीनचाकी मोटारीतून मानहाइमहून फोर्त्सहाइमला माहेरी गेली. अंतर शंभरेक किलोमीटर. तिने हॅटच्या पिनेने इंधनाची नळी साफ केली, वीसलोखच्या औषधाच्या दुकानातून इंधन घेतलं, हे किस्से बऱ्याच जणांनी ऐकलेले असतात. मला पाण्याचा भाग जास्त आवडतो. त्या इंजिनात सिलिंडरभोवतीचं पाणी चक्क उकळायचं आणि वाफ हवेत निघून जायची. म्हणजे गाडी पाणी प्यायची. विहीर, ओढा, खानावळ, जिथे मिळेल तिथे थांबून ते भरावं लागे. पद्धत ओबडधोबड, पण मूर्खपणाची अजिबात नाही. पाण्याची वाफ होताना प्रचंड उष्णता निघून जाते, आपला माठही त्याच हिशेबावर चालतो. शिवाय सगळं उघडं असल्यामुळे आत दाब साठत नसे. बाबांसारखा पट्टा बेर्टाच्या हातावर उमटायची सोयच नव्हती.

इंजिनं मोठी झाली तसं हे परवडेना. एवढं पाणी वाहून कोण नेणार? तेच पाणी थंड करून पुन्हा वापरायला हवं होतं. ते नीट जमवलं विल्हेल्म मायबाखने. १९००च्या अखेरीस तयार झालेल्या ३५ अश्वशक्तीच्या मर्सिडीजसाठी त्याने मधाच्या पोळ्यासारखा रेडिएटर बनवला. त्यात ६ मिलिमीटर चौकोनी तोंडाच्या ८,०७० नळ्या होत्या. हवा नळ्यांमधून जायची आणि पाणी नळ्यांच्या मधल्या फटींतून. एवढ्या इंजिनाला ९ लिटर पाणी पुरायला लागलं. गाडीला समोरून 'चेहरा' आला तोही याच सुमारास, आणि तो चेहरा म्हणजे रेडिएटर.

फोर्डच्या मॉडेल टीमध्ये तर बहुतेक गाड्यांना पाण्याचा पंपच नव्हता. गरम पाणी आपोआप वर चढतं, थंड झालेलं खाली उतरतं, तेवढ्यावर काम चालायचं. जो भाग नाहीच तो बिघडत नाही, हे कोड लिहिणाऱ्या माणसाला फार पटतं.

यानंतर जे आलं ते बाबांच्या हाताशी थेट संबंधित आहे. पाणी १०० अंशांना उकळतं, पण दाब वाढवला तर आणखी वर जाऊन. पाणी जितकं गरम तितकी त्याची उष्णता हवेला चटकन देता येते आणि रेडिएटर लहान ठेवता येतो. म्हणून झाकणात स्प्रिंग बसली आणि रेडिएटरचा प्रेशर कुकर झाला. शिट्टी पडल्यावर वाफ जाऊ न देता कुकर कुणी उघडत नाही. पण गाडीच्या झाकणाला दिसणारी शिट्टी नसते.

मी कागदावर हिशेब केला. समजा आत ५ लिटर पाणी ११० अंशांवर आहे. झाकण उघडताच दाब जातो, आणि ते पाणी १०० अंशांवर येईपर्यंत त्यातल्या सुमारे ९० मिलिलिटरची झटक्यात वाफ होते. ही वाफ दीडशे लिटर जागा मागते. मिळते ती जागा झाकणाच्या तोंडाएवढी, आणि वाफेबरोबर उकळतं पाणीही बाहेर उडतं. समोर नॅपकिन.

पद्मिनीचा पंखा पट्ट्याने इंजिनलाच जोडलेला होता. गाडी उभी, इंजिन संथ, म्हणून पंखाही संथ. म्हणजे गरज सर्वांत जास्त तेव्हा वारा सर्वांत कमी. बाबांची चूक होती, पण सगळी नव्हती.

आता कूलंट. इथिलीन ग्लायकॉल रसायनशास्त्रज्ञांना १८५०च्या दशकापासून माहीत होतं. १९२०च्या दशकात अमेरिकेत ते 'प्रेस्टोन' नावाने गाड्यांसाठी विकलं जाऊ लागलं, कारण तिथे थंडीत पाणी गोठून इंजिनाचा ब्लॉक फुटायचा. निम्मं पाणी आणि निम्मं ग्लायकॉल घेतलं तर मिश्रण उणे ३५ अंशांपर्यंतही गोठत नाही. डोंबिवलीत याचं काय करायचं, हा प्रश्न बाबांनी विचारलाच. उत्तर त्यात मिसळलेल्या गंजरोधकांमध्ये आहे, शिवाय मिश्रण पाण्यापेक्षा थोडं उशिरा उकळतं. बोअरच्या पाण्यातले क्षार रेडिएटरच्या बारीक नळ्यांमध्ये बादलीच्या तळासारखा पांढरा थर धरतात आणि उष्णता आतच अडकते. पद्मिनीत बाबा वर्षानुवर्षं तेच पाणी ओतत होते. घाटात त्याचीही वसुली झाली असणार.

रविवारी सकाळी आम्ही खाली उतरलो. मॅन्युअलमध्ये सांगितलेल्याच प्रकारचा कूलंट आणला होता. हिरवा-गुलाबी रंग बघून निवडू नका, रंगावरून प्रकार कळत नाही. जुना कूलंट परातीत काढून कॅनमध्ये भरला. ग्लायकॉल चवीला गोड पण विषारी असतं, आणि आमच्या पार्किंगमध्ये तीन कुत्री राहतात. झाकणाचं रबर चिरलेलं होतं म्हणून झाकण नवीन घेतलं. हळूहळू भरलं, झाकण लावून इंजिन चालू केलं, हीटर पूर्ण गरमवर ठेवला, म्हणजे अडकलेली हवा निघते. पंखा सुरू झाल्यावर इंजिन बंद केलं.

"आता उघडून पातळी बघ," शेजारचे काका म्हणाले.

"संध्याकाळी," बाबा म्हणाले, आणि झाकणावर हात ठेवून उभे राहिले.

संध्याकाळी सात वाजता मी खाली गेलो तर ते आधीच तिथे होते. गाडी गार होती, तरी खांद्यावर नॅपकिन होता.