विकाजी-पेस्तनजींची पेढी आणि वऱ्हाडचा कापूस

एकोणिसाव्या शतकात परमुलखातून आलेल्या व्यापाऱ्याने एखाद्या प्रांताची जमीन, माल आणि वाहतूक एका हाती आणावी, अशी उदाहरणे जगभर आढळतात. स्कॉटलंडमध्ये 1825 साली जन्मलेला रॉबर्ट डन्सम्युअर कॅनडाच्या व्हँकूवर बेटावर गेला, तेथील कोळशाच्या खाणींवर श्रीमंत झाला, आणि रेल्वे बांधून देण्याच्या मोबदल्यात सरकारकडून बेटाचा मोठा भूभाग खनिजहक्कांसह मिळवून बसला. वऱ्हाडात या जातीचा माणूस त्याच्या आधी दोन पिढ्या होऊन गेला. तो कोळशाचा नव्हता, कापसाचा होता. आणि वऱ्हाडवर राज्य करणाऱ्या निजाम सरकारने त्याला महसुलासाठी दिलेले तालुके त्याच सरकारने बळाने काढून घेतले.

विकाजी मेहेरजी आणि पेस्तनजी मेहेरजी हे पारशी बंधू मूळचे आजच्या पालघर जिल्ह्यातील तारापूरचे. थोरल्या विकाजींनी उत्तर कोकणातील जकातीचा मक्ता चालवला होता. मक्ता म्हणजे सरकारला ठरलेली रक्कम भरायची आणि त्या बदल्यात कर वसूल करण्याचा हक्क घ्यायचा, अशी व्यवस्था. रोख पैसा, वसुलीचा अनुभव आणि मुंबईच्या बाजाराशी असलेला संबंध एवढे भांडवल घेऊन या बंधूंची पेढी निजामाच्या मुलखात शिरली, आणि वऱ्हाडच्या दृष्टीने यांतला तिसरा घटक सर्वांत मोलाचा ठरला.

पूर्णेच्या खोऱ्यातील सपाट काळ्या जमिनीचा पट्टा, ज्याला पयानघाट म्हणतात आणि ज्यात आजच्या अकोला व अमरावती जिल्ह्यांचा मोठा भाग येतो, तेथे कापूस पूर्वीपासून पिकत होता. बनी आणि जडी या देशी जाती नावाजलेल्या होत्या. परंतु त्या कापसाचे तोंड पूर्वेकडे होते. लमाणांचे तांडे लदणीच्या बैलांवर रुई लादून नागपूरमार्गे गंगेकाठच्या मिर्झापूरला नेत, आणि तेथून ती बंगालच्या बाजारात जाई. या प्रवासात रुईची दशा फार वाईट होई. सैल बांधलेली ओझी दर मुक्कामाला जमिनीवर उतरवावी लागत, त्यामुळे धूळ, काडीकचरा आणि दव त्यांत मुरत असे; अवकाळी पावसाने गाठले तर भिजलेली रुई इतकी जड होई, की बैलांना ती पेलत नसे. माल पोचेपर्यंत त्याचे वजन भलत्याच कारणाने वाढलेले आणि प्रत उतरलेली असे, व याचा भुर्दंड शेवटी कुणब्यालाच कमी भावाच्या रूपाने बसे.

1825-26 मध्ये या पेढीने वऱ्हाडातून मुंबईला कापसाची पहिली मोठी रवानगी केली. पाचशे बैल आणि 1,20,000 पौंड रुई, म्हणजे दर बैलामागे 240 पौंड, अशी तिची नोंद मिळते. मुंबईच्या बंदराच्या हिशेबाने हा आकडा किरकोळ होता. पण वऱ्हाडचा कापूस पश्चिमेचे घाट उतरून समुद्राला मिळू शकतो आणि तरीही व्यापाऱ्याला परवडतो, हे या तांड्याने सिद्ध केले. पेढीने कुणब्यांना पेरणीसाठी सढळ हाताने आगाऊ रकमा दिल्या, आणि खामगाव व इतर ठिकाणी रुई दाबण्याचे स्क्रू बसवले. पेटीत भरलेल्या रुईवर मजबूत फळी ठेवायची आणि मळसूत्राच्या दांड्याला आडवे वासे लावून माणसांनी तो गोल फिरवत फळी खाली आणायची, असे या यंत्राचे साधे तत्त्व होते. दाबलेली गाठ कमी जागा घेते, तिच्यात धूळ कमी शिरते आणि ती जहाजावर चढवण्याजोगी होते. पुढे वऱ्हाडात ठिकठिकाणी उभ्या राहिलेल्या वाफेच्या प्रेसांचा पूर्वज हाच.

तथापि या पेढीला केवळ उद्यमी व्यापारी म्हणून गौरवणे एकांगी होईल. तिचा दुसरा व्यवसाय निजाम सरकारला कर्ज देण्याचा होता. दिवाण चंदुलाल याच्या कारभारात राज्याचा खर्च, विशेषतः इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालील कंटिंजंट फौजेचा पगार, उत्पन्नाच्या पलीकडे गेला होता, आणि दरबार सावकारांकडून रोकड घेऊन त्याबदली तालुक्यांचा महसूल त्यांच्या नावे करून देत असे. वऱ्हाडचा बराच भाग हैदराबादच्या पुरणमल सावकाराकडे होता. 1839 मध्ये त्याला काढून ते तालुके पेस्तनजींच्या पेढीकडे देण्यात आले, आणि 1841 मध्ये चंदुलालने कर्जफेडीपोटी आणखी मोठा महसूल तिच्या स्वाधीन केला. औरंगाबादच्या टांकसाळीतून निघणाऱ्या एका नाण्यालाही ‘पेस्तनशाही’ हे नाव पडले होते, यावरून पेढीची पत किती होती याची कल्पना येते.

या दोन व्यवसायांची सांगड कशी बसत होती, हे नीट पाहण्याजोगे आहे. तालुक्याचा सारा रोखीत वसूल करायचा, तर पिकाचा पैसा व्हायला हवा, आणि पैसा व्हायला दूरचा बाजार हवा. पेस्तनजींकडे सारा घेण्याचा हक्क होता, पेरणीला उचल देण्याची ऐपत होती आणि मुंबईत माल खपवण्याची सोयही होती. कुणब्याच्या बाजूने पाहिले, तर उचल देणारा, सारा घेणारा आणि कापूस विकत घेणारा हे तिन्ही एकच झाले होते. पुरणमलाच्या तुलनेत ही सत्ता सुसह्य असेल, कारण निर्यात वाढवण्यात पेढीचाच फायदा होता. परंतु भावाबद्दल घासाघीस करायला कुणब्याला दुसरे दार उरले नव्हते.

1843 मध्ये राज्य दिवाळखोरीच्या काठावर आणून चंदुलाल पायउतार झाला, आणि पेढीचा आधार गेला. नव्या कारभाऱ्यांनी तालुके परत मागितले. येणे बाकी असताना ते सोडायला पेस्तनजी तयार होईनात, तेव्हा 1845 मध्ये बळाचा वापर करून त्यांना वऱ्हाडातून काढण्यात आले. पेढी त्यातून सावरली नाही. कंपनी सरकारकडे मागितलेली दादही निष्फळ ठरली. सिकंदराबादला 1847 मध्ये या बंधूंच्या नावाची अग्यारी उभी राहिली, ती त्यांच्या उतरत्या काळातील.

पेढी बुडाली तरी मुंबईची वाट बुजली नाही. ती लगेच रुळली असेही नाही; 1842 मध्ये एकट्या व्यापाऱ्याने अमरावतीहून एक लाख बैलांवर कापूस लादून सडकेने कलकत्त्याकडे पाठवल्याची नोंद गॅझेटियरात आहे. निर्णायक बदल झाला तो आगगाडीने. मुंबईहून निघालेला लोहमार्ग वऱ्हाड ओलांडून 1867 मध्ये नागपूरला पोचला, आणि तेव्हा अकोला जिल्ह्यात असलेल्या खामगावला जलंबपासून टाकलेला फाटा 1870 मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड मेयोच्या हस्ते खुला झाला. ज्या गावी पेस्तनजींनी स्क्रू बसवले होते, त्याच गावासाठी सरकारला स्वतंत्र फाटा काढावासा वाटला, यात त्यांच्या निवडीची पारख दिसते.

त्यांच्या हकालपट्टीनंतर आठ वर्षांनी, 1853 च्या तहाने, कंटिंजंट फौजेच्या थकलेल्या पगारापोटी निजामाने वऱ्हाड ईस्ट इंडिया कंपनीकडे लावून दिले. कर्ज थकले म्हणून महसूल धनकोच्या हाती द्यायचा, हा व्यवहार पेस्तनजींशी झालेल्या व्यवहाराच्याच प्रकारचा होता. या वेळच्या धनकोकडे मात्र फौज होती, त्यामुळे त्याच्याकडून तालुके परत घेण्याची ताकद हैदराबादमध्ये कोणाजवळच नव्हती. 1902 मध्ये वर्षाला पंचवीस लाख रुपये देण्याच्या कराराने वऱ्हाडचा कायमचा पट्टा इंग्रज सरकारने आपल्या नावे करून घेतला, आणि पुढच्याच वर्षी हा प्रांत मध्य प्रांताच्या कारभाराला जोडला गेला.