अनाथपिण्डिकाचा पुत्र

जेतवनाच्या दानामुळे श्रावस्तीचा श्रेष्ठी सुदत्त, म्हणजेच अनाथपिण्डिक, प्रत्येक उपासकास परिचित आहे. भूमीवर नाणी अंथरून ते वन विकत घेणारा हा श्रेष्ठी भारहुतच्या स्तूपावर इ. स. पूर्व दुसऱ्या शतकात कोरला गेला. त्याच्याच घरातील पुत्र विहाराकडे फिरकत नव्हता, हे मात्र आपल्या प्रवचनांतून क्वचितच सांगितले जाते.

धम्मपदाच्या लोकवग्गातील १७८व्या गाथेवरील अट्ठकथेत ही कथा आली आहे. पुत्राचे नाव काल. तो धम्मश्रवणास जात नसे, भिक्खुसंघाची सेवा करीत नसे आणि पित्याचे ऐकत नसे. तेव्हा धनाने न वळणारा मनुष्य नाही असा विचार करून श्रेष्ठीने त्याला उपोसथासाठी शंभर कार्षापणे देऊ केली. पुत्र विहारात गेला, सोयीची जागा पाहून रात्रभर झोपला आणि पहाटे घरी परतला. पुढ्यात पेज आली, पण पैसे हाती पडेपर्यंत त्याने तिला स्पर्श केला नाही.

दुसऱ्या दिवशी सहस्र कार्षापणांच्या बोलीवर भगवंतांपुढे उभे राहून एक गाथा पाठ करण्याचे ठरले. गाथा काही केल्या स्मरणात राहीना. पुढचे तरी लक्षात ठेवू म्हणून तो ऐकत राहिला आणि ऐकता ऐकताच सोतापन्न झाला. पुढे भोजनानंतर पित्याने थैली समोर ठेवली, तेव्हा भगवंतांसमक्ष तो लज्जित झाला. आग्रह करूनही त्याने ती घेतली नाही.

या कथेत पित्याला पुत्राच्या नरकवासाची भीती वाटते. ती अट्ठकथाकाराच्या काळाची भाषा मानून बाजूस ठेवता येईल. ही अट्ठकथा आजच्या स्वरूपात इ. स.च्या पाचव्या शतकाच्या सुमाराची आहे. तिला बुद्धकालीन चरित्र समजण्यापेक्षा पिढ्यान्‌पिढ्या उपासक असलेल्या घरांची चिंता तीत वाचणे अधिक योग्य होईल. प्रस्तुत लेखकाच्या घरीही त्रिशरण-पंचशील पाठ करून घेण्यासाठी खाऊचे आमिष दाखविले गेले आहे, हे येथे नमूद केले पाहिजे.

राहुलाच्या प्रव्रज्येनंतर शुद्धोदनाच्या विनंतीवरून मातापित्यांच्या अनुज्ञेचा नियम झाला, असे महावग्ग सांगतो. तो नियम प्रव्रज्येपुरता होता. गृहस्थ उपासकासाठी स्वतंत्र धम्मदीक्षा नव्हती. ही उणीव बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात गंभीर मानली असून, भारतातील धम्माच्या ऱ्हासाच्या कारणांत तिची गणना केली आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात लक्षावधी गृहस्थांना त्यांनी स्वतः दीक्षा दिली, ती या पार्श्वभूमीवर पाहावी. त्या मैदानावर उभ्या असलेल्यांनी धम्म निवडला होता. आमच्या पिढीस तो जन्माने मिळाला. निवडण्याचा प्रसंग आमच्यावर आला नाही, आणि म्हणून काल आम्हाला परका वाटत नाही.

याच श्रेष्ठीच्या सुमना या कन्येची कथा धम्मपदाच्या १८व्या गाथेवर आहे. तिला कोणतेही आमिष दाखवावे लागले नाही. घरातील भिक्खूंच्या भोजनदानाची व्यवस्था पाहता पाहता ती सकदागामी झाली. मृत्युशय्येवर तिने पित्याला धाकटा भाऊ म्हणून हाक मारली. मुलगी भ्रमात गेली असे समजून श्रेष्ठी रडत भगवंतांकडे गेला. तेव्हा भगवंतांनी त्याला सांगितले की, तो केवळ सोतापन्न आहे. कन्या मार्गावर त्याच्या पुढे असल्याने तिचे संबोधन यथार्थच होते.