संहितेच्या अंगातील टीका

टीका ही संहितेनंतर आणि संहितेबाहेर जन्मते, हे मराठी समीक्षेचे एक रूढ गृहीतक आहे. संगणकीय आज्ञावलीतील टिप्पणी हे गृहीतक अडचणीत आणते. ती संहितेतच लिहिली जाते, परंतु यंत्र ती वगळून पुढे जाते. तिचा वाचक केवळ माणूस असतो. डोनाल्ड कनूथ यांनी १९८४ मध्ये 'लिटरेट प्रोग्रॅमिंग' ही संकल्पना मांडताना आज्ञावली माणसाने वाचावयाचा निबंध मानली आणि एकाच मूळ लेखनातून यंत्रासाठी एक व वाचकासाठी दुसरी अशा दोन संहिता सिद्ध केल्या. १९९६ मध्ये 'जावा' भाषेसोबत आलेल्या 'जावाडॉक'ने या टीकेला ठरीव आकृती दिली: प्रथम कार्याचा सारांश, मग घ्यावयाचे घटक, मिळणारे फलित, संभाव्य दोष, प्रत्येकास स्वतंत्र खूण.

अशी आकृतिबद्ध टीका मराठीस अपरिचित नाही. तेराव्या शतकात केसोबासांनी रचलेल्या 'दृष्टांतपाठा'त ११४ दृष्टांत आहेत आणि प्रत्येकाची मांडणी त्रिपदी आहे. आधी चक्रधरांचे सूत्र, नंतर त्यांनीच सांगितलेला दृष्टांत, शेवटी दोहोंचा सांधा जुळवणारे केसोबासांचे दार्ष्टांतिक. येथे भाष्यकाराचा वाटा वेगळा ओळखता येतो, तरीही तो ग्रंथाबाहेर पडत नाही. एक भेद मात्र मूलगामी आहे. चक्रधरांचे वचन पंथाला अचल होते. म्हणून केसोबासांचे विवरण कमीअधिक समर्पक ठरेल, पण सूत्रच बदलल्यामुळे ते खोटे पडण्याचा प्रश्न उद्भवत नाही. आज्ञावली सतत बदलते. यंत्र टिप्पणीचा खरेखोटेपणा तपासत नाही, त्यामुळे कालबाह्य टिप्पणी निर्वेधपणे टिकते आणि पुढच्या वाचकाला फसवते. संहिता आणि टीका यांचे एका पानावर असणे म्हणजे एका काळात असणे नव्हे. (टीकाशास्त्राने या शक्यतेचा विचार फारसा केलेला नाही, हे नमूद करावयास हवे.)

हे दोन्ही एका काळात असल्याचे उदाहरण लिखित परंपरेबाहेर, जव्हार-मोखाडा परिसरातील वारली समाजात सापडते. लग्नघराच्या भिंतीवर सवासिणी तांदळाच्या पिठाने चौक लिहितात, त्यात पालघट देवी येते, आणि त्याच विधीत धवलेरी गाते. चित्र आणि त्याचे कथन यांत आधी-नंतर नाही. शिवाय प्रत्येक लग्नात दोन्ही नव्याने घडतात. जुने कथन नव्या चित्राला चिकटून राहत नाही. १९७० च्या दशकात भास्कर कुलकर्णी यांच्या प्रयत्नांतून वारली चित्र कागदावर आले आणि डहाणू तालुक्यातील गंजाड येथील जिव्या सोमा म्हसे यांच्या हातून जगभर पोहोचले. चित्राला प्रतिष्ठा मिळाली, हे निर्विवाद. पण दालनात त्याच्याखाली जी पट्टी लागली ती पाहणाऱ्याच्या भाषेत, चित्र पुरे झाल्यावर लिहिलेली होती. धवलेरीचे गाणे तिकडे गेलेच नाही.